मामांचा माउस मामांच्याच हातात

कॉम्प्युटर सुरू झाला की आपल्याकडचा माणूस लगेच कामाला लागत नाही. आधी पडद्यावरच्या मोकळ्या जागेत माउसचं उजवं बटण दाबतो आणि आलेल्या यादीतलं ‘रिफ्रेश’ मारतो. एकदा मारून भागत नाही. चार-पाच वेळा मारल्यावरच मशीन मोकळं झाल्यासारखं वाटतं. त्यानं वेग तसूभर वाढत नाही, पडद्यावरची चित्रं नव्यानं मांडली जातात एवढंच. पण क्लासमधले सर मारायचे म्हणून पोरं मारायला लागली, आणि पोरांचं बघून त्यांचे आईबाप. अशा माणसापुढे विंडोजऐवजी लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही प्रणाली ठेवली की तो सवयीनं उजवं बटण दाबतो. यादीत नवा फोल्डर असतो, मागचं चित्र बदलायची सोय असते, रिफ्रेश मात्र नसतं. ‘ह्याच्यात रिफ्रेशच नाहीये’ ही त्याची पहिली तक्रार. या तक्रारीवर जो हसतो, त्यानं कुणाला कॉम्प्युटर शिकवायच्या भानगडीत पडू नये.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. विंडोज १० ही प्रणाली जुलै २०१५ मध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टनं तिची मोफत देखभाल थांबवण्याचं ठरवलं. ‘तुमचा पीसी आता बंद पडणार’ असं सांगणारे दुकानदार खोटं बोलतात. मशीन पूर्वीसारखंच चालू राहतं, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबतं. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर त्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, मिळतात. प्रश्न त्यानंतरचा आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा लागतो. २०१४-१५ साली हौसेनं जुळवून घेतलेला, अजून ठणठणीत असलेला आय-थ्री या नियमात बसत नाही. अशा मशीनवर लिनक्स टाका असं सांगणारी ‘एंड ऑफ टेन’ नावाची मोहीमच केडीई आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी २०२५ मध्ये चालवली. आपल्याकडे मोहीम वगैरे नसते. आपल्याकडे भाचा असतो.

साताऱ्याच्या एका घरातलं हे भाचेपण मी जवळून पाहिलं. मामा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, भाचा हिंजवडीला नोकरीला. मामांची कामं मोजकी: पतसंस्थेच्या सभांचं इतिवृत्त मराठीत टाइप करणं, पेन्शनचं स्टेटमेंट पाहणं, विजेचं बिल भरणं, नातवंडांचे फोटो जपणं आणि आल्यागेल्याच्या निमंत्रणपत्रिकांचा मजकूर शुद्ध करून देणं. भाचा शनिवारी पेन ड्राइव्ह घेऊन आला आणि चहा होईपर्यंत मिंट टाकून मोकळाही झाला. यात नवल नाही, टाकणं हा सगळ्यात सोपा भाग आहे. मग त्यानं दाखवायला सुरुवात केली.

‘मामा, सरका जरा.’

तीन खिडक्या उघडल्या, दोन मिटल्या, एका काळ्या चौकटीत इंग्रजी अक्षरांची ओळ धावली. ‘कळलं ना?’

‘हो.’

तीसेक वर्षं वर्गात उभ्या राहिलेल्या मामांना हा ‘हो’ चांगला ओळखीचा. मागच्या बाकावरून तो त्यांनी हजार वेळा ऐकलेला. भाचा पुण्याला परत गेला आणि सोमवारी सकाळी मामांनी फोन केला, ‘अरे, माझा डी ड्राइव्ह कुठंय?’

या प्रश्नामागे एक जुनं व्यवहारज्ञान आहे. आपल्याकडे पीसी जुळवून देणारा माणूस हार्ड डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून द्यायचा आणि जाता जाता बजावायचा, ‘महत्त्वाचं सगळं डी मध्ये ठेवा, सी ला फॉरमॅट मारला तरी ते राहतं.’ लोकांनी ते मनावर घेतलं. लिनक्समध्ये अशी अक्षरं नसतात. सगळ्या फायलींचं एकच झाड, त्यात प्रत्येक माणसाचा एक ‘होम’ फोल्डर, आणि डिस्कचे इतर भाग त्याच झाडाला कुठेतरी जोडलेले. मामांचा डी जागच्या जागी होता. फाइल मॅनेजरच्या डाव्या बाजूला तो ‘अमुक जीबी व्हॉल्यूम’ अशा नावानं दिसत होता, कारण त्या भागाला कुणी कधी नावच दिलं नव्हतं. ‘डिस्क्स’ नावाच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन त्याला ‘मामा डी’ असं लेबल दिलं की प्रश्न मिटतो. दोन मिनिटांचं काम. पण ते शनिवारी करायचं असतं, आणि त्यासाठी मामा रोज काय काय उघडतात हे आधी विचारावं लागतं.

मदत करणाऱ्यांची ही जात मी आता ओळखून आहे. त्यांना प्रणालीबद्दल प्रेम असतं, माणसाबद्दल कुतूहल नसतं. ते चार-चार डेस्कटॉप दाखवतात, टर्मिनल दाखवतात, थीम बदलून दाखवतात. समोरच्याला हवा असतो लाइट बिलाची पावती निघण्याचा भरवसा. शिकवण्याचा पहिला नियम फारसा तांत्रिक नाहीच: माउसला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं, बोटानं दाखवायचं, आणि समोरच्याचा बाण पडद्यावर भलतीकडे भरकटत असताना गप्प बसायचं. हे गप्प बसणं इंजिनिअरांना फार जड जातं.

मामांकडे एक वही होती. अशी वही महाराष्ट्रात घरोघर आहे, कारण एमएस-सीआयटी घरोघर आहे. एमकेसीएलनं हा अभ्यासक्रम या शतकाच्या सुरुवातीला आणला, पुढे सरकारी नोकरीसाठी तो आवश्यक झाला, आणि लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस धरला तो त्याच वर्गांत. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण वर्गात समोर दिसायचं विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस, त्यामुळे वहीत उतरलं तेही तेच: ‘डाव्या कोपऱ्यात स्टार्ट, मग प्रोग्रॅम्स, मग वर्ड, वरून तिसरं.’ वहीत कामाचं नाव नाही, जागेचा पत्ता आहे. पडदा बदलला की पत्ता चुकतो आणि माणसाला वाटतं, आपल्याला कॉम्प्युटर येतच नव्हता.

दुसऱ्या खेपेला भाच्यानं (थोडं मी टोचल्यावर) शहाणपणा केला. नवी वही घेतली आणि मामांनाच लिहायला लावलं. शीर्षक कामाचं: ‘इतिवृत्त लिहिणे’. खाली: ‘मेनू उघडून रायटर हे नाव टाइप करायचं.’ कोपरा नाही, वरून तिसरं नाही. रायटर म्हणजे लिब्रेऑफिसमधला, वर्डच्या जागचा प्रोग्रॅम. मिंटच्या मेनूत नाव टाइप केलं की प्रोग्रॅम समोर येतो. विंडोज १० मध्येही, तो बसवलेला असला की, येतो, म्हणजे हीच वही दोन्हीकडे चालते. नवशिक्यासाठी मिंट निवडण्याचं माझं कारणही असलंच साधं आहे. क्लेमां लफेव्र यांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत मेनू डावीकडे खाली, घड्याळ उजवीकडे खाली, मधली पट्टी जिथल्या तिथे. विंडोज ७ वर वाढलेला डोळा तिथे ठेचकाळत नाही. उबुंटू आपल्या जागी उत्तम आहे, पण त्यात पट्टी डावीकडे उभी असते, आणि पहिल्या आठवड्यात असलं एकेक ‘पण’ महाग पडतं.

आणि घाईनं टाकायचंच कशाला? पेन ड्राइव्हवरून मिंट नुसतं चालवून पाहता येतं, हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. मूळ फाइल सुमारे तीन जीबीची. प्रिंटर ओळखतो का, वायफाय लागतं का, आवाज येतो का, हे तिथेच कळतं. जरा हळू चालतं, ते पेन ड्राइव्हमुळे. हे मात्र आधी सांगून ठेवा, नाहीतर ‘हे तर आणखीच स्लो’ असा शिक्का बसतो. खरोखर टाकायची वेळ आली की फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. ‘इरेज डिस्क’ या पर्यायाचा अर्थ तोच आहे, डी ड्राइव्हसकट.

यानंतरची दोन वळणं लहान आहेत. पहिलं पासवर्डचं. विंडोजवर ‘यस’ म्हणून पुढे जायची सवय असते, इथे काहीही बसवायचं म्हटलं की पासवर्ड विचारला जातो. बऱ्याच लिनक्स प्रणालींच्या टर्मिनलमध्ये तो टाइप करताना काहीच उमटत नाही, ठिपकाही नाही, आणि माणूस कीबोर्ड बिघडला म्हणून उठतो. मिंटनं तिथे चांदण्या दाखवायची सोय केली आहे. असल्या बारीक गोष्टी करणाऱ्यांनी नवशिक्याला जवळून पाहिलेलं असतं. दुसरं वळण सॉफ्टवेअरचं. गुगलवर शोधायचं, कुठल्या तरी साइटवरून ‘सेटअप’ उतरवायचा, मित्राकडून ‘क्रॅक’ आणायचा, ही आपली रीत. इथे बहुतेक सगळं प्रणालीच्याच ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मध्ये मिळतं, तपासलेलं आणि फुकट. मामांना हे पटायला वेळ लागला; फुकट आहे म्हणजे कुठेतरी गोम असणार, अशी त्यांची खात्री. झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हमध्ये येणारा शॉर्टकट व्हायरस मिंटवर नुसता निरुपद्रवी फायलींसारखा पडलेला दिसला, तेव्हा त्यांचा विश्वास बसला. पेन ड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करायचं, ही शिस्त मात्र इथे खरोखर पाळावी लागते. कॉपी झालेली दिसली तरी लिहिणं मागे चालू असू शकतं.

मराठी टायपिंगपाशी मात्र थांबून बोललं पाहिजे, कारण मराठी माणसाचं गाडं अडतं ते इथेच. मामांनी मिंटवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची ‘आयट्रान्स’ नावाची पद्धत लावली आणि पहिला शब्द टाइप केला: एम, ए, एम, ए. पडद्यावर उमटलं ‘मम’. विंडोजवर ते ज्या साधनानं टाइप करायचे ते अंदाज बांधून ‘मामा’ पुढे करायचं. आयट्रान्स अंदाज बांधत नाही, जेवढं द्याल तेवढंच घेते. काना हवा तर ए दोनदा, ण हवा तर मोठा एन, ळ हवा तर मोठा एल. मामा म्हणाले, ‘व्याकरणाच्या बाईंसारखं आहे हे.’ आठ-दहा दिवसांत हात बसला, पण त्या दिवसांत त्यांनी हे सगळं सोडून द्यायचं ठरवलंही होतं.

आयबस आणि एमसतराएन या साधनांमधून मराठीसाठी बरेच पर्याय मिळतात. मराठी संकेतस्थळांवर वावरलेल्यांच्या ओळखीची ‘गमभन’ची पद्धतही त्यांत आहे. पण ज्याला इन्स्क्रिप्ट येतं तो खरा सुखी. स्वर आणि काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, अशी ही सरकारमान्य मांडणी विंडोजवर जशी तशीच लिनक्सवर. ‘दुसऱ्या’तला ऱ शिफ्ट आणि जे दाबून दोन्हीकडे तसाच निघतो. क्लासात कंटाळत शिकलेली ही एकच गोष्ट अशी निघाली की जी पडदा बदलल्यावर वाया गेली नाही.

त्याहून मोठी अडचण जुन्या फायलींची. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांच्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर यूनिकोड नसतो. आत साठवलेली असतात भलतीच चिन्हं, फाँट त्यांना देवनागरीचा वेष चढवतो. फाँट नसला की पतसंस्थेचं इतिवृत्त कंसांचं आणि टिंबांचं शेत होऊन बसतं. हा दोष लिनक्सचा नाही. नव्या विंडोजवर तो फाँट नसला तरी हेच होतं. फाँटची फाइल आणून बसवली तर मजकूर बहुतेक वेळा दिसतो, पण कायमचा उपाय म्हणजे तो यूनिकोडमध्ये बदलून घेणं. प्रणाली बदलताना हे काम आपसूक अंगावर येतं, आणि माझ्या मते यायलाच हवं. दिवाळी अंकांच्या कितीतरी वर्षांच्या फायली पेजमेकर आणि श्रीलिपीत अडकून पडल्या आहेत. ज्या संपादकांना आपला जुना मजकूर आज शोधता येत नाही, त्यांना हे सांगायची गरज नाही.

लिनक्सवर मराठी नीट दिसायला लागलं त्यामागे बरीच माणसं राबली. २००० च्या सुमारास व्यंकटेश हरिहरन आणि प्रकाश अडवाणी यांनी भारतीय भाषांसाठी ‘इंडलिनक्स’ सुरू केलं. रेड हॅटनं ‘लोहित’ हे मुक्त फाँट दिले आणि त्यांच्या पुण्यातल्या कार्यालयातल्या गटानं भाषांचं काम पुढे वर्षानुवर्षं केलं. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडली तर काही फाँटांत ल आणि श आपल्या वळणाचे दिसतात. मेनू मात्र मराठीत लावायची घाई नको, असं माझं मत आहे. भाषांतर अर्धवट आहे, एक ओळ मराठी, दुसरी इंग्रजी. शिवाय फोनवरून मदत करणारा भाचा ‘फाइलमध्ये जा, सेव्ह दाबा’ असंच सांगणार. ज्यानं इंग्रजी मेनू कधी पाहिलाच नाही, त्याच्यासाठी गोष्ट वेगळी.

प्रिंटरचं सांगितलं नाही तर लेख अप्रामाणिक होईल. आपल्या कचेऱ्यांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत दोन प्रिंटर अमर आहेत: कॅननचा एलबीपी २९०० आणि एचपीचा लेझरजेट १०२०. दोघेही लिनक्सवर हट्टी. एचपीचा प्रिंटर एचपीलिपमधून वेगळं प्लगइन उतरवलं की चालतो. कॅननला स्वतंत्र ड्रायव्हर लागतो आणि तो बसवताना जाणकारही घामाघूम होतात. अलीकडचे वायफाय प्रिंटर मात्र बहुधा आपोआप सापडतात. मामांकडे कॅनन होता. भाच्याचा अख्खा रविवार त्यात गेला.

काहींनी या वाटेला जाऊच नये. टॅली विंडोजसाठीच आहे, आडमार्गानं ती लिनक्सवर चालवता येते म्हणून कुणा व्यापाऱ्याचा जीएसटी पणाला लावू नका. डिजिटल सिग्नेचरच्या यूएसबी टोकनवर ज्यांचं काम चालतं, त्या वकिलांनी, सीएंनी, कंत्राटदारांनी एक मशीन विंडोजचं ठेवावं. त्या सोयी बऱ्याच ठिकाणी विंडोज गृहीत धरूनच बांधल्या आहेत. एक्सेलच्या मॅक्रोंवर कचेरी चालत असेल तरी तेच. लिब्रेऑफिस वर्डच्या फायली उघडतं, पण मंगल फाँट नसला की ओळी सरकतात आणि दोन पानांचा अर्ज तीन पानांचा होतो. बाहेर पाठवायचा कागद पीडीएफ करून पाठवा, एवढं वहीत ठळक लिहून ठेवलं की पुरतं.

नवशिक्याला रुळवण्याची सगळ्यात हुशार युक्ती, गंमत म्हणजे, मायक्रोसॉफ्टचीच आहे. १९९० मध्ये विंडोज ३.० बरोबर पत्त्यांचा सॉलिटेअर दिला गेला आणि माउसनं वस्तू उचलून दुसरीकडे सोडायची सवय लोकांना खेळता खेळता लागली. कुणी ‘सरका जरा’ म्हणालं नाही. मामींना मी मिंटवर पत्तेच लावून दिले. मामींनी वही केली नाही, प्रश्न विचारले नाहीत, आणि खिडकी लहानमोठी करणं, मिटवणं, परत बोलावणं हे त्या मामांच्या आधी शिकल्या. मामांना हे अजून मान्य नाही.

संस्थांचं पाहिलं तरी सवयीचंच वजन दिसतं. म्युनिक शहरानं २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार मशिनं बदलली, आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेनं विंडोजकडे परतायचं ठरवलं. त्यात राजकारण होतं, आणि कर्मचाऱ्यांच्या साचलेल्या तक्रारीही होत्या. केरळनं सुरुवात शाळेपासून केली. आधी शिक्षक तयार केले, पाठ्यपुस्तकं त्या प्रणालीवर लिहिली, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा तिच्यावर घेतली. २०१९ मध्ये तिथल्या शाळांमधल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी उबुंटूवर आधारलेली नवी आवृत्ती दिली गेली. तिथल्या पोराला लिनक्स अनोळखी वाटत नाही, कारण त्यानं पहिल्यांदा पाहिलं तेच ते. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पानं लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे छोटे दृक्-श्राव्य पाठ मराठीतही केले आहेत. पाहायचं, थांबवायचं, स्वतः करायचं, अशी त्यांची बांधणी आहे. फुकट आहेत आणि चांगले आहेत. क्लासचालकांनी ते वर्गात लावले तर कुणाचं काही बिघडणार नाही.

लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये आपण छंद म्हणून एक प्रणाली लिहितो आहोत असं जाहीर केलं, त्याला तीसहून अधिक वर्षं झाली. एवढ्या काळात ती जगभरच्या सर्व्हरांवर पोहोचली. अँड्रॉइडच्या गाभ्यात ती असल्यामुळे मामांच्या खिशातल्या फोनमध्येही आली. टेबलावर येता येता राहिली, याचं कारण आता तंत्रात फारसं उरलेलं नाही.

जुना पीसी भंगारात घालायचा विचार असेल तर थोडं थांबा. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवड आहे. नाव नोंदवून तोवरच्या दुरुस्त्या घ्या, तेवढ्यात पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहा, जुन्या मराठी फायली यूनिकोडमध्ये आणा. दोन जीबी रॅम असेल तरी ते चालतं, चार असेल तर बरं चालतं. आणि दिवाळीला घरी येणाऱ्या भाच्या-पुतण्यांना एक सांगणं: टाकून द्यायला या, पण पुढच्या सोमवारचा फोन उचलायची तयारी असेल तरच या.